विंडोजवरून लिनक्सवर येताना ड्राइव्हचे नियोजन कसे करावे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे किंवा प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी सुस्थितीतील संगणक घराघरांत व लहान कार्यालयांत अडकून पडले. अशा संगणकावर लिनक्स बसवण्याचा विचार आता मुंबईतही बऱ्याच जणांच्या मनात येतो. कोणते डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) निवडावे आणि पेनड्राइव्ह कसा तयार करावा, याविषयी मार्गदर्शन मुबलक आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहणारा प्रश्न असा की, आपली माहिती आज कोणत्या ड्राइव्हवर आहे, उद्या ती कुठे असणार आहे आणि या दोहोंच्या मधल्या काळात ती कुठे राहणार आहे. इन्स्टॉलेशन चुकले तर ते पुन्हा करता येते. पुसली गेलेली छायाचित्रे मात्र परत मिळतीलच असे नाही. म्हणून या लेखात लिनक्स कसे बसवावे यापेक्षा ते बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर ड्राइव्हची मांडणी कशी करावी, एवढाच विषय घेतला आहे.

सी, डी, ई म्हणजे तीन ड्राइव्ह नव्हेत

आपल्याकडे दुकानदाराकडून जुळवून घेतलेल्या संगणकात एकाच एक टीबीच्या हार्ड डिस्कचे सी, डी आणि ई असे तीन भाग पाडून देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. त्यामुळे ‘विंडोज सीमध्ये आहे, माझे फोटो डीमध्ये आहेत, म्हणजे ते सुरक्षित आहेत’ असा समज पक्का झालेला असतो. लिनक्सच्या इन्स्टॉलरला ही अक्षरे ठाऊकच नसतात. त्याला भौतिक ड्राइव्ह आणि त्यांवरील पार्टिशन, म्हणजे ड्राइव्हचे पाडलेले भाग, दिसतात. ‘संपूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडला की त्या डिस्कवरील सी, डी आणि ई हे तिन्ही भाग एकदमच जातात.

म्हणून पहिली पायरी विंडोजमध्येच पार पाडावी. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे खालच्या भागात ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा आडव्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टी म्हणजे एक खरा ड्राइव्ह आणि त्या पट्टीतील चौकटी म्हणजे पार्टिशन. प्रत्येक ड्राइव्हची कंपनी, मॉडेल, आकार, त्यावरील पार्टिशन आणि वापरलेली जागा एका कागदावर लिहून काढावी. संगणकात लिहून ठेवण्यापेक्षा कागदावर लिहिलेले बरे, कारण ही नोंद लागेल तेव्हा तोच संगणक अर्धवट अवस्थेत असेल.

आकारांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. एक टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो, लिनक्समधील ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये १ टीबी दिसतो आणि टर्मिनलमधील काही साधनांत पुन्हा ९३१ च्या आसपास दिसतो. मोजण्याची एकके निरनिराळी असल्याने हा फरक पडतो. घरात एकाच आकाराचे दोन ड्राइव्ह असतील तर आकारावरून ओळख पटवण्याचा प्रयत्नच करू नये. मॉडेल क्रमांकावरून पटवावी.

विंडोज चालू असतानाच उरकायची कामे

बिटलॉकर हे विंडोजचे एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करण्याची सोय) चालू आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बूटच्या मांडणीत बदल झाला की असा ड्राइव्ह ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ही की आधी उतरवून घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे एन्क्रिप्शन बंद करून ड्राइव्ह पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबावे.

दुसरे काम ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करण्याचे. ही सोय चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होते, आणि त्यावरील एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) पार्टिशन ‘वापरात’ असल्याची खूण तशीच राहते. अशा वेळी लिनक्स ते पार्टिशन एक तर फक्त वाचण्यापुरते उघडते किंवा उघडतच नाही. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या कार्याशी संबंधित पानावर ही खूण काढता येते.

तिसरी बाब वनड्राइव्हची. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हला जोडलेली असतील, तर तेथे दिसणाऱ्या सर्व फाइल प्रत्यक्ष संगणकावर असतीलच असे नाही. ढगाचे चिन्ह असलेल्या फाइलचे फक्त नाव येथे असते, मजकूर सर्व्हरवर असतो. लिनक्समधून हे फोल्डर कॉपी केले तर हाती काहीच लागत नाही. म्हणून विंडोजमध्येच त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘नेहमी या संगणकावर ठेवा’ हा पर्याय निवडावा आणि सर्व फाइलवर हिरवी खूण येईपर्यंत डाउनलोड होऊ द्यावे.

चौथी बाब मराठी वाचकांपुरती खास आहे आणि इंग्रजी मार्गदर्शकांत ती क्वचितच आढळते. एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हे इतकी आहे, तर लिनक्समध्ये ती २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजीतील एक अक्षर एका बाइटात बसते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला मात्र तीन बाइट लागतात, आणि ‘क्षि’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर असले तरी त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे असल्यामुळे त्याचे बारा बाइट होतात. ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व लेखापरीक्षण अहवाल’ हे नाव पीडीएफच्या विस्तारासह २६७ बाइटांचे भरते. सोसायटीच्या चिटणीसांनी अशी नावे दिलेल्या फाइल विंडोजमध्ये निर्धास्त राहतात आणि लिनक्सवर कॉपी करताना ‘नाव फार लांब आहे’ असे म्हणून अडतात. त्यांची नावे विंडोजमध्ये असतानाच आखूड करावीत.

काही लॅपटॉपमध्ये बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ या मोडवर ठेवलेले असते आणि मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला आतील एसएसडी दिसतच नाही. ते ‘एएचसीआय’ करावे लागते. पण थेट बदलल्यास विंडोज सुरू होत नाही. आधी ‘एमएसकॉन्फिग’मधून सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्यावी, मग बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यावे आणि ती सूचना काढून टाकावी.

विंडोज ठेवायचे की नाही

हा निर्णय भावनेवर न सोडता कामांच्या यादीवरून घ्यावा. टॅलीवरील हिशेब, श्रीलिपीत जुळवलेली जुनी पुस्तके व निमंत्रणपत्रिका किंवा विंडोजचेच ड्रायव्हर मागणारे एखादे मशीन या गोष्टींवर रोजचे काम अवलंबून असेल, तर विंडोज ठेवावे. दादर-गिरगावातील डीटीपीच्या कामात युनिकोडपूर्व फाँटमधील फाइलचे मोठे साठे असतात. ते लिनक्सवर उघडण्याचा अट्टहास करण्यात अर्थ नाही. क्वचितच लागणाऱ्या कामासाठी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आतच चालवलेले विंडोज, पुरते. मात्र विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते, हे लिनक्सच्या ड्राइव्हचा आकार ठरवताना धरावे.

दोन्ही ठेवायचे असल्यास एकाच ड्राइव्हवर दोघांना नांदवण्यापेक्षा दोन स्वतंत्र ड्राइव्ह घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजचे पार्टिशन आखडताना मध्येच वीज गेली तर काय होईल, ही धास्ती त्यात नसते. (मुंबईत वीज जात नाही, असे म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवावी.) शिवाय विंडोजने तयार केलेले ईएफआय पार्टिशन (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलचा लहान भाग) बहुधा १०० एमबीचेच असते, दोन प्रणालींना ते अपुरे पडू शकते. दोन ड्राइव्ह असले की प्रत्येकावर स्वतःचे ईएफआय पार्टिशन राहते, एक ड्राइव्ह बिघडला तरी दुसरा सुरू होतो, आणि संगणक सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबून हवी ती प्रणाली निवडता येते.

लॅपटॉपमध्ये दुसरी जागा आहे का, हे खरेदीआधी पाहावे. एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असेल तर ती एनव्हीएमई आहे की साटा, हे मदरबोर्डच्या माहितीपत्रकात तपासावे. खाच एकसारखी दिसत असली तरी दोन्ही प्रकारचे ड्राइव्ह सगळीकडे चालत नाहीत. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी (दुसरा ड्राइव्ह धरणारी चौकट) बसवता येते आणि ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळते. खरेदी कुठूनही केली तरी अनोळखी नावाचा, संशयास्पद स्वस्त एसएसडी किंवा पेनड्राइव्ह वापरात आणण्यापूर्वी लिनक्समधील ‘एफ३’ या साधनाने त्याची खरी क्षमता तपासावी. आकार खोटा सांगणारे ड्राइव्ह ठरावीक मर्यादेनंतर माहिती लिहिल्याचे भासवतात आणि ती गिळून टाकतात.

रिकामी जागा हाच नियोजनाचा कणा

माहितीसह एनटीएफएसचे एक्सट४ (लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत) करून देणारी विश्वासार्ह सोय नाही. फाइल दुसरीकडे हलवायच्या, ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करायचा आणि फाइल परत आणायच्या, हाच मार्ग आहे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला रंग काढायचा तर सामान आधी शेजारी हलवावे लागते, तसेच हे आहे. तेव्हा रूपांतर करायच्या माहितीइतकी मोकळी जागा दुसऱ्या ड्राइव्हवर असल्याशिवाय कामाला हात घालू नये.

एक उदाहरण घेऊ. संगणकात २५६ जीबीचा एसएसडी आहे, त्यावर विंडोज. एक टीबीची हार्ड डिस्क आहे, तिच्यावर डी आणि ई मिळून ५८० जीबी माहिती. या ५८० पैकी कुटुंबाचे फोटो, घराचे कागदपत्र, लेखन असे पुन्हा न मिळणारे सुमारे १२० जीबी आहे. बाकी चित्रपट व गाणी. नवी खरेदी दोन वस्तूंची करावी: लिनक्ससाठी ५०० जीबीचा एसएसडी आणि दोन टीबीचा बाह्य ड्राइव्ह.

प्रथम संपूर्ण ५८० जीबी बाह्य ड्राइव्हवर कॉपी करावे. यूएसबी २.० च्या पोर्टवर सेकंदाला जेमतेम ३०-३५ एमबी वेग मिळतो, म्हणजे या कामाला पाच तास लागतील; यूएसबी ३ च्या पोर्टवर, जे बहुधा आतून निळे असते, तेच काम दोन तासांच्या आत होऊ शकते. लहान लहान फाइल पुष्कळ असतील तर दोन्ही अंदाज लांबतात. पुन्हा न मिळणाऱ्या १२० जीबीची आणखी एक प्रत वेगळ्या, जुन्या का होईना पण तपासलेल्या ड्राइव्हवर करावी. जुन्या ड्राइव्हचे आरोग्य ‘स्मार्ट’ माहितीवरून, म्हणजे ड्राइव्ह स्वतःविषयी ठेवतो त्या नोंदींवरून, कळते. त्यात बदललेल्या किंवा बदलण्याच्या प्रतीक्षेतील सेक्टरांचा आकडा शून्याहून मोठा असून वाढत असेल, तर त्या ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नये.

कॉपी संपली म्हणजे काम संपले असे नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे, म्हणजे काहीही इन्स्टॉल न करता दोन्ही ड्राइव्ह पाहता येतात. तेथे ‘आरसिंक’ हे साधन चेकसमच्या पर्यायासह आणि ‘ड्राय रन’ म्हणून चालवावे. ते काहीही न बदलता दोन्हीकडील प्रत्येक फाइल वाचून ज्या जुळत नाहीत त्यांची यादी देते. याला वेळ लागतो, रात्री लावून झोपावे. याच निमित्ताने लाइव्ह लिनक्सला संगणकातील सर्व ड्राइव्ह दिसतात की नाही, हेही कळते.

इन्स्टॉल करताना

लिनक्स बसवण्यापूर्वी विंडोजचा एसएसडी आणि हार्ड डिस्क शक्य असल्यास केबल काढून वेगळी करावी किंवा बायोसमधून बंद करावी, आणि बाह्य ड्राइव्ह तर काढूनच ठेवावा. हा अतिसावधपणा नाही. काही इन्स्टॉलर दुसऱ्या ड्राइव्हची निवड केली तरी बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) पहिल्या सापडलेल्या ईएफआय पार्टिशनमध्येच टाकतात. मग पुढे विंडोजचा ड्राइव्ह काढला की लिनक्सही सुरू होत नाही. समोर एकच ड्राइव्ह असेल तर ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निर्धोक ठरतो आणि हाताने पार्टिशन पाडण्याची गरजही उरत नाही.

तरीही हाताने मांडणी करायची असेल, तर ईएफआयसाठी ५१२ एमबी ते १ जीबीचे फॅट३२ पार्टिशन आणि उरलेल्या जागेत एकच मूळ (रूट) पार्टिशन पुरे आहे. होम, म्हणजे वापरकर्त्याच्या फाइल व सेटिंगचे फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर ठेवण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. एकाच ड्राइव्हवर मला तो नवख्यांसाठी पटत नाही, कारण दोन्ही भागांचे आकार आधी अचूक ठरवता येत नाहीत. फ्लॅटपॅक प्रकारच्या जड प्रोग्राममुळे मूळ पार्टिशन भरते आणि शेजारी होममध्ये शंभर जीबी पडून राहतात. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडल्यास लागणाऱ्या जागेसाठी) फाइल पुरते, आणि बहुतेक डिस्ट्रो ती किंवा झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेली स्वॅप) आपण होऊन तयार करतात. संगणक हायबरनेट करायचा असेल तरच रॅमइतकी किंवा अधिक स्वॅप जागा राखावी.

फाइल सिस्टिम म्हणून एक्सट४ निवडावी. ती २००८ पासून स्थिर म्हणून वापरात आहे आणि तिच्या दुरुस्तीची साधने पक्की आहेत. फेडोरा वर्कस्टेशन २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम देते; तिच्यातील स्नॅपशॉटची (त्या क्षणीची स्थिती जपून ठेवण्याची) सोय उपयुक्त आहे, तेव्हा डिस्ट्रो ती आपोआप देत असेल तर बदलण्याचे कारण नाही. लॅपटॉप रोज लोकलमधून नेणाऱ्यांनी इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय निवडावा, कारण नंतर ते जोडणे किचकट आहे. येथे परवलीचा शब्द विसरल्यास मदतीला येणारी कोणतीही कंपनी नसते, याची जाणीव मात्र असावी.

हार्ड डिस्कचे रूपांतर केव्हा आणि कसे

लिनक्स बसले की काढलेले ड्राइव्ह पुन्हा जोडावेत. पण हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नये. एनटीएफएस वाचण्या-लिहिण्याचा ड्रायव्हर २०२१ मधील ५.१५ व्या आवृत्तीपासून खुद्द कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे, त्यामुळे काही आठवडे जुन्या स्वरूपातच काम चालते. या काळात छापणे, स्कॅन करणे, बँकेची कामे, ऑफिसच्या फाइल हे सर्व एकदा तरी करून पाहावे. परत फिरायचे झाल्यास काहीच बिघडलेले नसते.

मात्र कायमचे एनटीएफएसवर राहणेही बरोबर नाही. त्यात बिघाड झाल्यास खरी दुरुस्ती विंडोजच्या ‘चेकडिस्क’नेच होते, लिनक्समधील साधन केवळ वरवरच्या चुका सुधारते. विंडोज काढून टाकायचे आणि माहिती एनटीएफएसवर ठेवायची, म्हणजे दुरुस्तीची सोय स्वतःहून गमावणे. स्टीमवरील विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनद्वारे खेळणाऱ्यांना एनटीएफएसवर अडचणी येतात, ते वेगळेच. दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांनी सामायिक फाइलपुरते एक एनटीएफएस पार्टिशन राखावे आणि विंडोजमधून ते अधूनमधून तपासावे. एक्सफॅट फक्त ने-आण करण्याच्या ड्राइव्हसाठी ठीक. त्यात जर्नल (अर्धवट लेखन सावरणारी नोंदवही) नसते आणि फाइलच्या परवानग्याही टिकत नाहीत.

फॉरमॅट करण्याच्या दिवशी बाह्य प्रतीतील चार-पाच फाइल प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, मग ‘डिस्क्स’ किंवा ‘जीपार्टेड’मध्ये मॉडेल क्रमांक कागदाशी ताडून हार्ड डिस्कवर एकच एक्सट४ पार्टिशन करावे. एक्सट४ ‘रूट’ या प्रशासक वापरकर्त्यासाठी पाच टक्के जागा राखून ठेवते. प्रणालीच्या ड्राइव्हवर ते योग्यच आहे, पण केवळ फोटो ठेवायच्या एक टीबीवर त्यात ५० जीबी विनाकारण अडकतात. ‘ट्यून२एफएस’ने हे प्रमाण एक टक्क्यावर किंवा शून्यावर आणावे. फॉरमॅटनंतर ड्राइव्हची मालकी ‘रूट’ वापरकर्त्याकडे असते आणि फाइल टाकायला गेल्यावर ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. ड्राइव्ह बिघडला असे समजून घाबरू नये. टर्मिनलमधून मालकी स्वतःच्या नावे करून घेतली की झाले.

हा ड्राइव्ह आपोआप जोडला जावा म्हणून ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये त्याची नोंद करावी लागते. ‘डिस्क्स’मधील माउंटच्या पर्यायांतूनही ती करता येते. नोंद ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावांनी न करता यूयूआयडीने (पार्टिशनच्या कायम ओळखक्रमांकाने) करावी, कारण नवा ड्राइव्ह जोडला की ती नावे अदलाबदल होऊ शकतात. ‘नोफेल’ हा पर्याय अवश्य द्यावा. तो नसेल आणि हार्ड डिस्क कधी सापडली नाही, तर संगणक सुरू होताना दीड मिनिट थांबतो आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर नेऊन सोडतो.

त्यानंतर फाइल परत आणाव्यात. संपूर्ण होम हार्ड डिस्कवर हलवू नये. ब्राउझरचा कॅशे आणि सेटिंगच्या असंख्य लहान फाइल एसएसडीवर असल्या तरच संगणक चपळ राहतो. केवळ पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक ही जड फोल्डर हार्ड डिस्कवर ठेवून त्यांच्या लिंक होममध्ये द्याव्यात.

बॅकअपची व्यवस्था

दोन टीबीचा बाह्य ड्राइव्ह येथून पुढे बॅकअपसाठी राखावा. टाइमशिफ्ट हे प्रणाली पूर्वस्थितीत आणण्याचे साधन आहे; ते मूळ मांडणीत होममधील फाइल घेत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबून फोटो सुरक्षित आहेत असे मानू नये. वैयक्तिक फाइलसाठी उबुंटूमधील ‘बॅकअप्स’, म्हणजेच देजा-डुप, किंवा आरसिंक वापरावे.

१२० जीबीची दुसरी प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा कार्यालयात ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत संगणक आणि त्याचा बॅकअप एकाच कपाटात भिजले. कोरड्या घरातही पावसाळ्याची दमट हवा ड्राइव्हच्या जोडण्यांना मानवत नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला हवाबंद डबा त्यासाठी पुरतो. आणि दर काही महिन्यांनी तो ड्राइव्ह जोडून फाइल उघडतात की नाही, हे पाहावे.

शेवटी जुना विंडोजचा एसएसडी उरतो. तो विकायचा असेल तर नुसते फॉरमॅट पुरेसे नाही. हार्ड डिस्क शून्यांनी पूर्ण भरून पुसता येते, परंतु एसएसडी आतल्या आत जागा बदलत असल्यामुळे त्याच्यासाठी बायोसमधील किंवा निर्मात्याच्या साधनातील ‘सिक्युअर इरेझ’ वापरावे, आणि त्या वेळी संगणकाला तो एकच ड्राइव्ह जोडलेला असावा.